कै. चार्ल्स जेम्स डॉब्स यांचा डबा

"यात काय लिहिलंय?"

असं इंग्रजीत विचारून त्या गोऱ्या म्हाताऱ्यानं मासिकातून कापलेला एक फोटो माझ्या मशिनशेजारी ठेवला, आणि चष्मा न लावताच मी ओळखलं की अक्षर माझं आहे.

नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून मी भांड्यांवर नावं घालायचो. वडील छिन्नी-हातोडीनं ठिपक्याठिपक्यांची नावं घालत, माझ्याकडे विजेचं मशिन आलं होतं. नाशकात त्या काळी एकही लग्न असं झालं नसेल की ज्यात रंगनाथ तांबटाच्या हातचा एखादा तांब्या आहेरात आला नाही. त्यामुळे पाहुणा उतरला होता त्या लॉजच्या मॅनेजरनं तो फोटो बघताक्षणी "हे रंगाचं अक्षर" म्हणून म्हाताऱ्याला माझ्याकडे धाडलं होतं. अक्षर चांगलं असण्याचे तोटे असतात ते असे.

फोटोत एक लंबगोल स्टीलचा डबा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन शिपायांना जेवायला द्यायचे तसला, खाली भांडं, वर झाकण आणि घडी होणारी लांब मूठ. झाकणावर मी घातलेलं होतं : ॥ श्री ॥, त्याखाली 'कै. चार्ल्स जेम्स डॉब्स', आणि त्याखाली 'यांच्या स्मरणार्थ'. अगदी कडेला कुणीतरी खिळ्यानं ओरखडलेली मूळची इंग्रजी अक्षरं होती, सी. जे. डॉब्स, डी ४४१७.

माझं इंग्रजी मॅट्रिक नापासाचं, पण गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, येणाऱ्या परदेशी लोकांच्या गडव्यांवर नावं घालून घालून बऱ्यापैकी चालतं झालेलं. मी बोट ठेवून वाचून दाखवलं. हे देवाचं नाव. हा चार्ल्स, हा त्याचा बाप जेम्स, हे आडनाव डॉब्स. ही त्याची आठवण.

"आणि हे बारकं?" त्यानं 'कै.'वर बोट ठेवलं.

"ते वारलेल्या माणसाच्या नावाआधी घालतात. म्हणजे तो आता कैलास पर्वतावर राहतो."

"कोण?"

"डॉब्स."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, रुमालानं कपाळ पुसलं आणि शांतपणे म्हणाला, "डॉब्स मीच."

मी त्याला चहा विचारला. मेलेल्या माणसाला चहा विचारायची माझी ती पहिलीच वेळ.

यात माझा दोष किती आणि गायधनी मास्तरांचा किती, हे आता तुम्हीच ठरवा. मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. लढाई संपल्यावर देवळालीच्या छावणीतल्या सामानाचे लिलाव झाले, तेव्हा त्यांनी अमेरिकन शिपायांच्या काही वस्तू उचलल्या. एक हेल्मेट, पाण्याची बाटली, खंदक खणायचं घडीचं फावडं, कॅनव्हासचा पट्टा, एकच डावा बूट आणि हा डबा. निवृत्त झाल्यावर शाळेतल्या एका रिकाम्या खोलीत त्यांनी त्या मांडल्या. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, पत्नी लवकर गेलेली. ती खोली हाच त्यांचा संसार. पण नुसती वस्तू मांडून मुलं दोन मिनिटांत पळतात, हे चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून मास्तरांनी प्रत्येक वस्तूला एकेक शिपाई दिला, आणि प्रत्येक शिपायाला एकेक गोष्ट. डाव्या बुटाच्या मालकाचा उजवा पाय ब्रह्मदेशात राहिला होता. हेल्मेटच्या मालकानं त्यात अंडी उकडून अख्खी पलटण जगवली होती. आणि डॉब्स, ज्याच्या डब्याला मोठा पोचा होता, तो तर सगळ्यांचा शिरोमणी. त्याला वीरमरण आलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मास्तर तो डबा घेऊन माझ्याकडे आले होते. "रंगा, ह्या बिचाऱ्याचं नाव बघ कसं ओरखडून ठेवलंय. जरा नीट घाल."

"पूर्ण नाव सांगा."

"सी म्हणजे चार्ल्स."

"वडिलांचं?"

"मधे 'जे' अक्षर दिसतंय ना. जेम्स असणार."

आपल्याकडे मधलं नाव बापाचंच असतं, तेव्हा आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. "हयात आहेत का?" हे मी विचारलंच, कारण तो प्रश्न विचारल्याशिवाय आमच्या धंद्यात मशिन चालू करत नाहीत.

"अरे, कधीच गेला. ब्रह्मदेशात. तीन माणसं वाचवली त्यानं."

मग मी कै. घातलं. माणूस गेलेला आणि भांडं शाळेतलं, म्हणून पद्धतीप्रमाणे 'स्मरणार्थ'ही घातलं. देवळातल्या समईपासून पंगतीच्या पातेल्यापर्यंत आम्ही हेच करतो. 'श्री' घालताना नेमकी लाइट गेली, आणि परत आली तेव्हा मशिनची सुई उडून वेलांटी उंदराच्या शेपटासारखी लांबत डब्याच्या कडेपर्यंत गेली. मास्तर म्हणाले, राहू दे, कुणाला कळतंय.

आता समोर बसलेला कैलासवासी बशीतून चहा कसा प्यायचा ते माझ्याकडे बघून शिकत होता. वय साठीच्या घरातलं, उंच, ओघळलेले खांदे, हात मात्र दणकट. तिकडे शाळेची बस चालवायचा. गेल्या वर्षी आपल्याकडे कसलासा अभ्यास करायला आलेल्या एका अमेरिकन पोरीनं मास्तरांच्या खोलीचे फोटो काढून एका लेखाबरोबर जुन्या सैनिकांच्या मासिकात छापले होते. त्यात त्याच्या बायकोला त्याचा नंबर दिसला.

"एवढ्या लांब डबा न्यायला आलात?" मी विचारलं.

"डब्याचं बघू. त्या लेखात लिहिलंय की तो म्हातारा शिक्षक माझ्या मृत्यूची गोष्ट फार छान सांगतो." त्यानं बशी खाली ठेवली. "मी कसा मेलो ते मला ऐकायचंय."

हे आज तरी व्हायला नको होतं. कारण त्याच दिवशी शाळेचं संमेलन होतं, अकरा वाजता नवे चेअरमन ती खोली बघायला येणार होते, आणि त्यांना तिथे प्रयोगशाळा करायची होती. खोली राहणार की जाणार ते आजच ठरणार होतं. मास्तर आठ दिवस जेवले नव्हते धड. त्यात हा माणूस सर्वांदेखत उभा राहून "मी जिवंत आहे" म्हणाला असता, तर खोलीही गेली असती आणि मास्तरही. आणि डबा खोटा ठरला की भांडी बाजारात माझ्या कै.वर कोण विश्वास ठेवणार होतं?

मी त्याला काळाराम मंदिर सुचवलं. पांडवलेणी सुचवली. त्र्यंबकला जाण्यासाठी टांगा, बस, माझी सायकल, सगळं सुचवलं. तो आपला टोपी घालून उभा राहिला.

वाटेत मी हात जोडले. "साहेब, मास्तर खोटारडे नाहीत हो. त्यांना गोष्टी सुचतात, एवढंच. आज तेवढं काही बोलू नका. खोली गेली तर ते जगायचे नाहीत."

"मी गेल्यावर कुणी एवढी काळजी केली नव्हती," डॉब्स म्हणाला. "बघू."

त्या 'बघू'नं माझा जीव टांगणीला लागला तो पुढचा तासभर.

खोलीत तीसेक मुलं मांडी घालून बसली होती. खुर्चीवर चेअरमन भामरे, मळ्यातून थेट आल्यासारखे, हातात घड्याळ काढून. मास्तरांनी खाकी हाफपँट, पांढरा शर्ट आणि गळ्यात शिट्टी असा पूर्ण पोशाख चढवला होता. सत्तरीतला माणूस, पण छाती अशी काढलेली की आतली घालमेल दिसू नये. गोरा पाहुणा बघून त्यांनी खाडकन सलाम ठोकला.

"मास्तर, हे अमेरिकेचे पाहुणे," मी म्हणालो, आणि तोंडाला येईल ते नाव दिलं. "मिस्टर ब्राऊन."

डॉब्सनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मास्तर सुरू झाले. हेल्मेट झालं, बूट झाला. मग त्यांनी डबा दोन्ही हातांत उचलला आणि त्यांचा आवाज बदलला. मी डॉब्सच्या कानाशी लागून भाषांतर करत होतो, तेही जमेल तेवढं पातळ करून.

"घनदाट अरण्य," मास्तर म्हणाले. "पाऊस असा की स्वतःचा हात दिसू नये. पंधरा दिवस चालून पोरांच्या पायांची सालं निघालेली. कुणाला मागं सोडायचं नाही, हा डॉब्सचा हुकूम. स्वतःची भाकरी, म्हणजे त्यांचा तो पाव, तो दुसऱ्याला द्यायचा."

"जंगलात होतास. पाव दिलास," मी कुजबुजलो.

"त्यानं यापेक्षा जास्त शब्द वापरले," डॉब्स म्हणाला. "सगळं सांग."

मग मी सगळं सांगितलं. नदी सांगितली. पलीकडून आलेली गोळी सांगितली, जी आधी ह्या डब्याला लागली आणि हा पोचा पडला. दुसरी गोळी. तरी त्यानं तीन जखमी सोबती एकेक करून ओढत अलीकडे आणले. "शेवटी त्याला तहान लागली," मास्तर म्हणाले, "कुणीतरी ह्याच डब्यात पाणी आणलं. तर तो म्हणतो कसा, आधी त्यांना द्या. मी इथेच आहे. मी कुठे जातोय?"

एक मुलगी फ्रॉकनं नाक पुसत होती. मी शेवटचं वाक्य इंग्रजीत केलं आणि डॉब्सकडे पाहिलं, तर तो खाली मान घालून बसलेला. हसतोय की संतापलाय ते टोपीमुळे कळेना.

चेअरमन भामऱ्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "मास्तर, गोष्ट भारी हाये. पन खरी कशावरून? उद्या मला कोनी इचारलं तर काय सांगू?" मग त्यांची नजर पाहुण्याकडे वळली. "हे सायेब तिकडचेच ना? इचारा त्यांना. असं काही घडलं व्हतं का?"

मास्तरांची छाती तेवढीच राहिली, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी प्रश्न इंग्रजीत विचारला. खरं सांगतो, तेव्हा मी माझ्या मशिनसकट गोदावरीत उडी घ्यायला तयार होतो.

डॉब्स उठला. मास्तरांच्या हातातून डबा घेतला, इकडून तिकडून पाहिला, पोच्यावरून अंगठा फिरवला. मूठ उलगडली. झाकणाची कडी तिच्यावर अडकवून एका हातानं खट्कन सरकवली, तर झाकण आणि भांडं एकाच मुठीवर दोन पानांसारखं उघडं राहिलं.

"डॉब्सला मी ओळखत होतो," तो म्हणाला. "एकाच तंबूत होतो."

मी भाषांतर केलं.

"चालायला आळशी होता. पत्त्यांत लबाडी करायचा. पण ती माणसं त्याची दोस्त होती, आणि त्यांना सोडून तो कुठे गेला नसता." त्यानं डबा परत मिटला. "मास्तरांनी सगळं बरोबर सांगितलं. एकच चूक आहे."

झालं, मी मनात म्हटलं.

"त्याच्या बापाचं नाव जेम्स नव्हतं. ओटिस होतं."

भामरे असे हसले की खुर्ची करकरली. "बापाचं नाव चुकलं म्हंजी बाकी खरंच असनार. खोटं बोलनारा मानूस बापाचं नाव पहिलं पाठ करतो. ऱ्हाऊ द्या मास्तर तुमची खोली. प्रयोगशाळा टाकू कुठं तरी."

मुलं गेली, चेअरमन गेले. शाळेच्या शिपायानं आणलेला चहा घेऊन आम्ही तिघं त्या वस्तूंमध्ये बसलो. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मास्तर हळूच म्हणाले, "रंगा, यांचं नाव ब्राऊन नाही."

मी चहात बघत राहिलो.

"पस्तीस वर्षं तो डबा माझ्याकडे आहे. त्या मुठीवर झाकण कसं बसतं ते मला आजतागायत जमलं नाही. यांनी न बघता बसवलं. ज्याचं भांडं त्यालाच झाकण लागतं, रंगा." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. "विचार त्यांना, माझं काय करायचं ते. जिवंत माणसाला मारलं मी. खोली आजच रिकामी करतो म्हणावं."

मी सांगितलं. सांगताना मास्तरांकडे बघवेना. ज्या माणसानं उभ्या शाळेला ताठ उभं राहायला शिकवलं, तो बाकावर पोक काढून बसला होता.

डॉब्सनं डबा मांडीवर घेऊन पोच्यात अंगठा ठेवला. मग म्हणाला, "हा पोचा नारळ फोडताना पडला. इथेच, देवळालीत. मग मला गालगुंड झालं. दोन्ही गाल हे एवढे. बावीस वर्षांचा घोडा, आणि लहान पोरांचा आजार. इस्पितळात टाकलं मला. आमची तुकडी ब्रह्मदेशाकडे निघाली त्या दिवशी मी खिडकीतून हात केला, आणि ते सगळे गाल फुगवून मला चिडवत गेले. मी नंतर इथेच कोठारात पट्टे मोजले. आमच्या तंबूत बारा जण होतो. आठ परत आले नाहीत."

मी एकेक वाक्य मास्तरांना सांगत होतो.

"घरी सगळे म्हणायचे, नशीबवान आहेस. दर वर्षी जुन्या सैनिकांचा मेळावा असतो. मी बाहेर बस लावून आत न जाता परत यायचो. काय सांगणार, गालगुंड?" त्यानं मास्तरांकडे पाहिलं. "सदतीस वर्षांत पहिल्यांदा आज कुणीतरी मला त्यांच्याबरोबर पाठवलं."

हे मी मास्तरांना कसं सांगितलं ते आठवत नाही. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. मास्तर उठले, त्या माणसाचे दोन्ही हात हातात घेतले, आणि कवायतीचा कुठलाच हुकूम त्यांना आठवेना म्हणून तसेच उभे राहिले.

शेवटी मीच मधे बोललो. "मास्तर, मशिन घेऊन येतो. कै. खोडून श्री. करून टाकू. नाव पण चुकलंय."

चार्ल्सही चुकलं होतं. सी म्हणजे क्लॅरेन्स निघालं. आणि मधलं 'जे' हे अक्षर बापाच्या नावाचं नसून त्याच्याच, जेरोम. हे ऐकून मास्तरांनी कपाळाला हात लावला. "तिन्हींमधलं आडनाव तेवढं बरोबर."

डॉब्सनं विचारलं, काय करणार आहात? मी समजावलं. तेव्हा मास्तर एकदम म्हणाले, "थांब. त्यांना सांग, आमच्याकडे म्हणतात, माणूस मेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं."

"किती?" डॉब्सनं लगेच विचारलं. त्याच्या छातीचं काही दुखणं होतं, डॉक्टरनं इतक्या लांब यायला मनाई केली होती, ते त्यानं तेव्हा सांगितलं.

मास्तरांनी डब्याकडे पाहून हिशेब केला. "ही बातमी स्टीलवर घातलीय. बरीच वाढेल."

"मग हात लावू नका," डॉब्स म्हणाला.

डबा त्यानं नेला नाही. मुलांच्या वहीचा कागद मागून झाकणावर धरला, वरून पेन्सिल घासली, आणि माझी अक्षरं कागदावर उमटवून खिशात घातली. मूठ कशी बसवायची ते मास्तरांना पाच वेळा दाखवलं. त्यांना पाचही वेळा जमलं नाही.

त्यानंतर दर जानेवारीत शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड यायचं. त्यावर एकच ओळ असायची, "अजून नाही." मास्तर ते कार्ड भांडी बाजारात आणून सगळ्यांना दाखवत, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "तुझ्या कै.चा गुण." मास्तर गेल्यावर कार्डं माझ्या नावावर यायला लागली. 'अजून नाही'मधला हात दर वर्षी थोडा जास्त कापायचा.

अठ्ठावीस वर्षांनी कार्डाऐवजी पाकीट आलं. आत त्याच्या मुलीचं पत्र आणि एक फोटो. वडील अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेले. खिशातल्या पाकिटात जपलेला एक पेन्सिलचा कागद त्यांनी थडग्याच्या दगडवाल्याला द्यायला सांगितला होता. त्याला ही भाषा येत नाही, तरी त्यानं शक्य तेवढं हुबेहूब कोरलंय. काही चुकलं असेल तर कळवा.

मशिन आता मुलगा चालवतो. मी त्याला फोटो दाखवला. हिरव्या गवतात एक करडा दगड. वर ॥ श्री ॥. खाली माझ्याच वळणाचं कै., आणि त्यापुढे इंग्रजीत, या वेळी बरोबर, क्लॅरेन्स जेरोम डॉब्स. माझं अक्षर नाशिकबाहेर फार तर सिन्नरपर्यंत गेलं होतं, तेही पातेल्यांवर. मला दिसेनासं झालं म्हणून मी चष्मा पुसायला घेतला.

मुलानं फोटो उजेडात धरून नीट पाहिला. "बाबा, बाकी सगळं ठीक आहे. पण श्रीची वेलांटी बघा किती लांब गेलीय. पार दगडाच्या कडेपर्यंत."

मी म्हटलं, "अरे, लाइट गेली होती."